स्पिन-कक्षीय युग्मन : लहान, पण कशाच्या तुलनेत?

घनपदार्थ भौतिकीच्या बहुतेक अभ्यासक्रमांत अर्धवाहकांचे ऊर्जापट्ट, म्हणजे इलेक्ट्रॉनला मुभा असलेल्या ऊर्जांचे पट्टे, शिकवताना इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत कोनीय संवेग, बराच काळ केवळ मोजणीपुरता येतो. एका अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन मावतात एवढे सांगून त्याची बोळवण केली जाते, आणि स्पिन व कक्षीय गती यांचे परस्परयुग्मन ही शेवटच्या तासाला उरकायची एक छोटीशी दुरुस्ती ठरते. 'छोटीशी' हे विशेषण अणूंच्या अभ्यासातून आलेले आहे आणि तिथे ते चुकीचेही नाही. हायड्रोजनची दुसऱ्या कवचातील पी-पातळी या युग्मनामुळे दुभंगते तेव्हा तिच्या दोन भागांतले अंतर सुमारे ०.००००४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषांत विभागलेला दिसतो, त्यामागेही जेमतेम ०.००२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक असतो. अणूच्या आयनीभवनासाठी काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात हे ध्यानात घेतले, तर ही किरकोळ बाब आहे असे कोणीही म्हणेल.

अर्धवाहकात मात्र मोजपट्टीच बदलते. तिथे तुलना करायची ती बँडगॅपशी, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेला संयुजापट्ट आणि त्यावरचा रिकामा संवहनपट्ट यांच्यातील ऊर्जेच्या अंतराशी, जे एक-दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट किंवा त्याहूनही कमी असते. खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेशी, जी सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. आणि संयुजापट्टाच्या माथ्यावर एकत्र आलेल्या पातळ्यांमधील अंतराशी, जे सममितीमुळे शून्यच असते. शून्याच्या तुलनेत कोणतीही राशी लहान नसते. या लेखात मला मांडायचे आहे ते एवढेच की स्पिन-कक्षीय युग्मनाचे महत्त्व त्याच्या स्वतःच्या आकड्यावरून ठरत नाही, तो आकडा कशाशेजारी ठेवला आहे यावरून ठरते. आणि अर्धवाहकांच्या बाबतीत हे गुणोत्तर अनेकदा एकाच्या आसपास, तर कधी एकाहून मोठे असते.

प्रथम उगमाविषयी. अणुकेंद्राभोवती वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला केंद्राचे विद्युत क्षेत्र त्याच्या स्वतःच्या संदर्भचौकटीत अंशतः चुंबकीय क्षेत्रासारखे जाणवते, आणि इलेक्ट्रॉनचे चुंबकीय आघूर्ण त्या क्षेत्रात एका दिशेला कमी व दुसऱ्या दिशेला अधिक ऊर्जेचे ठरते. हे साधे गणित केले असता उत्तर दुप्पट येते. ती दुप्पट का येते हे थॉमस यांनी १९२६ मध्ये दाखवले, आणि १९२८ मधील डिरॅक समीकरणातून हे पद, योग्य गुणकासह, आपोआप बाहेर पडले. इथपर्यंतची हकीकत सर्वत्र आढळते. जे पुरेसे ठसवले जात नाही ते असे की स्फटिकातील इलेक्ट्रॉन जालकातून किती वेगाने सरकतो याच्याशी या परिणामाचा जवळजवळ संबंध नाही. अर्धवाहकातील वाहक इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या मानाने अतिशय संथ असतो, मग सापेक्षतावाद कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर असे की त्या इलेक्ट्रॉनचे तरंगफलन प्रत्येक अणूच्या गाभ्यात शिरते, तिथे ते झपाट्याने आंदोलित होते, आणि युग्मनाचा जवळपास सगळा वाटा त्या इवल्याशा प्रदेशातून येतो. गाभ्यातील वेगाचा अंदाज अणुक्रमांकाला १३७ ने भागून मिळतो: हायड्रोजनमध्ये प्रकाशाच्या वेगाचा १३७ वा भाग, तर शिशामध्ये, म्हणजे ८२ अणुक्रमांकाला, प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे साठ टक्के.

बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांसाठी हे युग्मन ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सिलिकॉनमध्ये संयुजापट्टाच्या माथ्यावर पडणारी फूट ०.०४४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे आणि जर्मेनियममध्ये ती सुमारे ०.२९ आहे. १४ आणि ३२ या अणुक्रमांकांच्या वर्गांचे गुणोत्तर पाचच्या थोडे वर जाते, तर प्रत्यक्षातले गुणोत्तर साडेसहाच्या आसपास आहे. ढोबळ नियमाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. संयुगांकडे वळले की एक अधिक बोलका क्रम दिसतो. गॅलियम फॉस्फाइड, गॅलियम आर्सेनाइड आणि गॅलियम अँटिमोनाइड या तिघांत ही फूट अनुक्रमे सुमारे ०.०८, ०.३४ आणि ०.७६ आहे. आता गॅलियमच्या जागी त्याहून बराच जड असलेला इंडियम घातला तर ते आकडे सुमारे ०.११, ०.३९ आणि ०.८१ होतात. म्हणजे धनभारित घटक बदलल्याने फारसे बिघडत नाही. ऋणभारित घटक बदलला की सगळे बदलते. कारण संयुजापट्टाच्या माथ्यावरील अवस्था मुख्यतः फॉस्फरस, आर्सेनिक किंवा अँटिमनी यांच्या पी-कक्षांपासून घडलेल्या असतात. इलेक्ट्रॉन ज्या अणूपाशी अधिक काळ असतो त्याच अणूच्या गाभ्याची छाप त्याच्यावर पडते. पट्टरचनेत कोणत्या अवस्था कोणत्या अणूच्या आहेत हे इतक्या सरळपणे सांगणारी दुसरी राशी मला तरी ठाऊक नाही.

संयुजापट्टाच्या या माथ्यावर नेमके काय घडते ते नीट पाहायला हवे, कारण पुढची सगळी कथा तिथूनच सुरू होते. युग्मन नसते तर तिथे तीन पी-कक्षा आणि प्रत्येकी दोन स्पिन अशा सहा अवस्था एकाच ऊर्जेवर असत्या. युग्मन आले की कक्षीय आणि स्पिन कोनीय संवेग स्वतंत्र राहत नाहीत. त्यांची बेरीज तेवढी अर्थपूर्ण उरते. ती बेरीज तीन-द्वितीयांश असलेल्या चार अवस्था वर सरकतात आणि एक-द्वितीयांश असलेल्या दोन अवस्था खाली जातात. सहाही अवस्थांची सरासरी ऊर्जा मात्र जागची हलत नाही. त्यामुळे चार अवस्था एकूण फुटीच्या एक-तृतीयांशाने वर आणि दोन अवस्था दोन-तृतीयांशाने खाली, असा हिशेब जुळतो. संयुजापट्टाचा माथा एक-तृतीयांशाने वर आला म्हणजे बँडगॅप तेवढ्याने घटला. गॅलियम आर्सेनाइडच्या कमी तापमानातील १.५२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या बँडगॅपमध्ये ही घट ०.११ आहे, म्हणजे दखल घेण्याजोगी पण जीवघेणी नाही. इंडियम अँटिमोनाइडमध्ये तीच घट ०.२७ होते आणि त्याचा बँडगॅप अवघा ०.२३५ आहे. जी दुरुस्ती शिल्लक राहिलेल्या संपूर्ण राशीपेक्षा मोठी आहे तिला दुरुस्ती म्हणणे हा शब्दांचा विनोद झाला.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख करतो, कारण तो चांगल्या टिपणांतही आढळतो. जड होल आणि हलके होल (होल म्हणजे संयुजापट्टातील इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांच्यातील भेद स्पिन-कक्षीय युग्मनामुळे निर्माण होतो, असे लिहिलेले दिसते. तसे नाही. युग्मन पूर्णपणे बंद केले तरी, एखाद्या दिशेने तरंगसदिश (स्फटिकातील इलेक्ट्रॉनच्या संवेगाचे माप) वाढवत गेल्यास त्या दिशेने पसरलेली पी-कक्षा आणि तिला लंब असलेल्या दोन पी-कक्षा वेगवेगळ्या वागतात, त्यामुळे तिन्ही पट्टांचे परिणामी वस्तुमान, म्हणजे स्फटिकात वाहक जणू किती जड असल्यासारखा वागतो ते, सारखे नसतेच. युग्मन करते ते असे की या तीन कक्षांचे मिश्रण नव्याने ठरवते, त्यातून एक पट्ट खाली ढकलून वेगळा काढते (हाच विभक्त पट्ट) आणि उरलेल्या दोघांना मध्यबिंदूवर एकत्र ठेवते. हलक्या होलच्या अवस्थेत दोन-तृतीयांश वाटा एका कक्षेचा आणि एक-तृतीयांश वाटा उरलेल्या दोन कक्षांचा असतो, तोही परस्परविरुद्ध स्पिनसह. हे मिश्रणाचे आकडे निरुपद्रवी दिसतात, परंतु प्रकाशाच्या शोषणाचे सगळे नियम त्यांच्यावर उभे आहेत.

या त्रिपट्ट रचनेचा पुरावा मिळाला तो जर्मेनियममधून. १९५३ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात कैसर, कॉलिन्स आणि फॅन यांनी होल असलेल्या, म्हणजे पी-प्रकारच्या, जर्मेनियममधून अवरक्त प्रकाश पाठवला. बँडगॅपपेक्षा कमी ऊर्जेच्या प्रकाशाचे शोषण मुक्त वाहकांमुळे होते हे माहीत होते, पण असे शोषण तरंगलांबीबरोबर सावकाश आणि सलग वाढत जायला हवे. त्यांना मात्र ठळक उंचवटे दिसले, आणि ते उंचवटे एन-प्रकारच्या, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन असलेल्या, नमुन्यांत नव्हते. स्पष्टीकरण असे निघाले की संयुजापट्टाच्या माथ्याशी रिकाम्या जागा असल्यामुळे खालच्या संयुजापट्टांतील इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून तिथे उडी घेतो. हलक्या पट्टातून जड पट्टात, विभक्त पट्टातून हलक्यात आणि विभक्त पट्टातून जडात अशा तीन उड्या शक्य आहेत. कान यांनी १९५५ मध्ये याचे गणित मांडले. त्याच काळात बर्कली येथे ड्रेसेलहाउस, किप आणि किटेल द्रव हेलियमच्या तापमानाला जर्मेनियम आणि सिलिकॉनमध्ये सायक्लोट्रॉन अनुस्पंदनाचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात वाहक किती वेगाने घिरट्या घालतो यावरून त्याचे वस्तुमान काढण्याचे, प्रयोग करत होते आणि दोन वेगवेगळ्या वस्तुमानांचे होल त्यांच्या आलेखात समोर दिसत होते. इलियट यांनी १९५४ मध्ये स्पिनसह सममितीच्या कोष्टकांचे काम हातावेगळे केले होते. दोन-तीन वर्षांच्या अवधीत प्रयोग, सममितीचे गणित आणि पट्टसिद्धांत एकाच ठिकाणी येऊन मिळाले, असे भाग्य या विषयाच्या वाट्याला क्वचितच आले असेल.

इव्हान केन यांचे १९५७ चे इंडियम अँटिमोनाइडवरील काम त्यानंतरचे. ते जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत होते. त्यांनी संवहनपट्टाच्या दोन आणि संयुजापट्टाच्या सहा, अशा आठ अवस्था एकत्र घेऊन त्यांच्यातील युग्मन अचूक सोडवले, आणि दूरच्या पट्टांना नंतर किरकोळ म्हणून मिळवले. माझ्या मते अर्धवाहकांवरील सैद्धांतिक कामांत हे सर्वाधिक उपयोगी पडलेल्या कामांपैकी एक आहे, आणि त्याचे कारण केवळ आकडेमोडीची सोय हे नव्हे. केन यांच्या समीकरणांची बांधणी डिरॅक समीकरणासारखी आहे. डिरॅकच्या सिद्धांतात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या अवस्थांमध्ये सुमारे १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचे अंतर असते, आणि त्या अंतरापलीकडील अवस्थांचे पुसटसे मिश्रण झाल्यामुळे निर्वातातील इलेक्ट्रॉनला स्पिन-कक्षीय युग्मन लाभते. केन यांच्या प्रारूपात संवहनपट्ट आणि संयुजापट्ट यांच्यामध्ये असलेले अंतर म्हणजे बँडगॅप, आणि ते एक इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असते. भाजक दहा लाख पटींनी लहान झाला तर भागाकार कुठे जाईल हे सांगायला नको. बाहेरून लावलेल्या विद्युत क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर किती परिणाम होईल हे सांगणारा गुणक निर्वातात सुमारे ०.०००००३७ चौरस अँगस्ट्रॉम असतो; गॅलियम आर्सेनाइडच्या संवहनपट्टात तो सुमारे ५.३ आणि इंडियम आर्सेनाइडमध्ये सुमारे १२० चौरस अँगस्ट्रॉम भरतो.

याचाच दुसरा पडताळा संवहनपट्टातील इलेक्ट्रॉनच्या जी-गुणकात, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात स्पिनची ऊर्जा किती बदलते हे सांगणाऱ्या आकड्यात, मिळतो. मोकळ्या इलेक्ट्रॉनसाठी हा गुणक २.००२३ आहे, सिलिकॉनमध्ये तो जवळपास तेवढाच राहतो, गॅलियम आर्सेनाइडमध्ये उणे ०.४४ होतो आणि इंडियम अँटिमोनाइडमध्ये उणे ५० च्याही पलीकडे जातो. गॅलियम आर्सेनाइड किंवा इंडियम अँटिमोनाइडच्या संवहनपट्टाचा तळ एस-स्वरूपाच्या अवस्थांचा आहे, त्यांना स्वतःचा कक्षीय कोनीय संवेग नाही, आणि तरीही हा बदल घडतो ही गोष्ट प्रथमदर्शनी अचंबित करते. संयुजापट्टाशी होणाऱ्या मिश्रणातून त्या अवस्थांना कक्षीय चुंबकत्व उसने मिळते. वरच्या चार अवस्थांकडून एका चिन्हाचे योगदान येते आणि खालच्या दोन अवस्थांकडून विरुद्ध चिन्हाचे. फूट शून्य असेल तर ही दोन्ही योगदाने तंतोतंत एकमेकांना खोडतात. फूट आली की खालच्या अवस्था दूर गेल्यामुळे त्यांचे योगदान कमी पडते, आणि जे शिल्लक राहते ते फूट आणि बँडगॅप यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. रॉथ, लॅक्स आणि झ्वेर्डलिंग यांनी १९५९ मध्ये दिलेल्या सूत्रात परिणामी वस्तुमान ०.०१४, बँडगॅप ०.२३५ आणि फूट ०.८१ या किमती घातल्या तर उत्तर उणे ४७ च्या आसपास येते. एका ओळीच्या सूत्राकडून याहून जास्त मागणे हावरटपणाचे होईल.

आतापर्यंतच्या विवेचनात प्रत्येक पातळीची स्पिनमुळे येणारी दुप्पट अवनती, म्हणजे एकाच ऊर्जेवर दोन अवस्था असणे, शाबूत होती. ती केव्हा मोडते याचे उत्तर सममितीत आहे. काळाची दिशा उलटली असता एका तरंगसदिशाची वर-स्पिन अवस्था विरुद्ध तरंगसदिशाच्या खाली-स्पिन अवस्थेत जाते, म्हणून त्या दोघींची ऊर्जा सारखी असते. स्फटिकाला व्युत्क्रम-केंद्र असेल, म्हणजे एका बिंदूतून सगळे अणू उलट बाजूला नेले तरी तो तसाच दिसत असेल, तर तरंगसदिश उलटूनही स्पिन तोच राहतो आणि ऊर्जाही तीच राहते. दोन्ही सममिती असतील तर प्रत्येक तरंगसदिशाला दोन्ही स्पिनांची ऊर्जा सारखीच ठरते, युग्मन कितीही प्रबळ असले तरी. सिलिकॉन आणि जर्मेनियममध्ये तसे केंद्र आहे. गॅलियम आर्सेनाइडमध्ये ते नाही, कारण जोडीतील एक अणू गॅलियमचा आणि दुसरा आर्सेनिकचा आहे. ड्रेसेलहाउस यांनी १९५५ मध्ये दाखवले की अशा स्फटिकाच्या संवहनपट्टात दोन्ही स्पिनांची ऊर्जा तरंगसदिशाच्या घनाच्या प्रमाणात अलग होते. राश्बा आणि शेका यांनी १९५९ मध्ये वुर्ट्झाइट रचनेच्या स्फटिकांसाठी तरंगसदिशाच्या पहिल्याच घाताच्या प्रमाणात पडणारी फूट मांडली, आणि बिच्कोव्ह व राश्बा यांनी १९८४ मध्ये ती कल्पना दोन अर्धवाहकांच्या सीमेवर साचलेल्या द्विमितीय इलेक्ट्रॉन-थराला लावली.

राश्बा परिणामाचे, म्हणजे या पहिल्या घाताच्या फुटीचे, जे प्रचलित स्पष्टीकरण आहे त्याविषयी थोडे सावध राहावे असे मला वाटते. सीमेवर विद्युत क्षेत्र असते, त्यातून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला चुंबकीय क्षेत्र जाणवते आणि स्पिन विभागले जातात, असे ते स्पष्टीकरण. चिन्ह आणि दिशा त्यातून बरोबर मिळतात, पण निर्वातातले सूत्र वापरले तर फूट इतकी क्षुल्लक येते की ती मोजता येणार नाही. त्याहून नाजूक हरकत अशी की सीमेवर अडकलेल्या, म्हणजे बद्ध, अवस्थेत इलेक्ट्रॉनवरील सरासरी बल शून्य असले पाहिजे, नाही तर तो तिथे टिकणारच नाही. मग सरासरी विद्युत क्षेत्रही शून्यच म्हणावे लागेल आणि परिणाम उरणारच नाही. या कोड्याची उकल पुन्हा संयुजापट्टापाशीच होते. संवहनपट्टातील इलेक्ट्रॉनला जाणवणारे क्षेत्र सरासरीत शून्य होते हे खरे, परंतु फूट ठरते ती संयुजापट्टांच्या कडा सीमेवर कशा बदलतात यावरून, आणि त्या बदलाची उंची संवहनपट्टाच्या कडेच्या उंचीएवढी असण्याचे काहीच कारण नसते.

पर्ड्यू विद्यापीठातील सुप्रियो दत्ता आणि विश्वजित दास यांनी १९९० मध्ये या फुटीवर आधारित ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. चुंबकीय टोकातून एका दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन सोडायचे, गेटच्या विद्युतदाबाने त्यांचे स्पिन वाटेत हवे तेवढे फिरवायचे आणि पलीकडच्या चुंबकीय टोकाने त्यांना स्वीकारायचे किंवा नाकारायचे, अशी ती योजना. नित्ता आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये जपानमध्ये गेटच्या दाबाने राश्बा युग्मन बदलता येते हे दाखवले. पूर्ण रचनेतील अपेक्षित आंदोलन दक्षिण कोरियातील गटाने २००९ मध्ये इंडियम आर्सेनाइडच्या थरात, अत्यंत कमी तापमानाला, नोंदवले. कारखान्यात हा ट्रान्झिस्टर आजही नाही. त्याविषयीच्या उत्साही लेखांत एक गोष्ट वगळली जाते: जे युग्मन गेटच्या हुकमावर स्पिन फिरवते तेच युग्मन इलेक्ट्रॉन धडकत, दिशा बदलत जाताना प्रत्येक इलेक्ट्रॉनचा स्पिन वेगवेगळ्या अक्षाभोवती फिरवून सगळी सुसंगती घालवते. द्याकोनोव्ह आणि पेरेल यांनी ही यंत्रणा १९७१ मध्येच मांडली होती. हत्यार आणि अडथळा इथे एकच आहेत.

ज्या उपयोगाला निर्विवाद यश आले तो फारसा चर्चेत नसतो. गॅलियम आर्सेनाइडवर वर्तुळ-ध्रुवीकृत प्रकाश पाडला, आणि त्याची ऊर्जा बँडगॅपच्या किंचित वर ठेवली, तर जड होलच्या पट्टातून होणाऱ्या संक्रमणांची तीव्रता हलक्या होलच्या पट्टातून होणाऱ्या संक्रमणांच्या तिप्पट असते आणि दोन्हींतून मिळणारे इलेक्ट्रॉन विरुद्ध स्पिनांचे असतात. तीनास एक या प्रमाणात ५० टक्के ध्रुवीकरण पदरात पडते. प्रकाशाची ऊर्जा खोलीच्या तापमानाला १.४२ आणि १.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दरम्यान असेपर्यंतच हे जमते. त्यापुढे विभक्त पट्ट सामील होऊ लागतो आणि त्याचा वाटा दोन असल्यामुळे तीन विरुद्ध तीन अशी बरोबरी होऊन ध्रुवीकरण नष्ट होण्याकडे जाते. गॅलियम आर्सेनाइडमधील ०.३४ ची फूट म्हणजे कामासाठी मिळालेली ही खिडकी आहे. स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरकावर प्रेस्कॉट, टेलर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दुर्बल आंतरक्रियेतील डाव्या-उजव्यातला भेद इलेक्ट्रॉनांच्या प्रकीर्णनात मोजला तेव्हा त्यांचा इलेक्ट्रॉन-स्रोत याच तत्त्वावर चालणारा होता आणि त्याचे ध्रुवीकरण सुमारे ३७ टक्के होते. पुढे गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ थरावर मुद्दाम ताण देऊन जड आणि हलके पट्ट माथ्यावरच वेगळे करण्यात आले आणि ध्रुवीकरण ५० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे, ८० टक्क्यांच्या आसपास गेले.

दूरसंचाराच्या लेझरमध्ये मात्र हाच विभक्त पट्ट नुकसान करतो. १.५५ मायक्रोमीटरच्या लेझरमध्ये बँडगॅप सुमारे ०.८ आणि फूट सुमारे ०.३५ असते. इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र येतात, पण प्रकाश देण्याऐवजी ती ऊर्जा दुसऱ्या होलला देऊन त्याला विभक्त पट्टात खोल ढकलतात. प्रकाश मिळत नाही, उष्णता वाढते, आणि तापमान वाढले की ही प्रक्रिया आणखी जोर धरते. फूट बँडगॅपपेक्षा मोठी असेल तर ऊर्जेच्या अक्षय्यतेमुळे हा मार्ग बंद होतो. म्हणूनच गॅलियम आर्सेनाइडमध्ये आर्सेनिकच्या जागी सुमारे १० टक्के बिस्मथ घालण्याचे प्रयत्न चालू आहेत: बिस्मथमुळे फूट वाढते आणि बँडगॅप घटतो, म्हणजे गुणोत्तराची दोन्ही टोके हवी त्या दिशेला सरकतात. अडचण रसायनशास्त्राची आहे. बिस्मथ जालकात बसायला राजी नसतो, पृष्ठभागावर थेंबांच्या रूपात गोळा होतो, आणि त्याला आत ठेवण्यासाठी वाढीचे तापमान उतरवले की स्फटिकाचा दर्जा ढासळतो.

पाऱ्याच्या टेल्युराइडमध्ये संयुजा आणि संवहन पट्टांचा क्रमच उलटा असतो, आणि त्याच्या पुरेशा जाड थराच्या कडेवरून स्पिननुसार दिशा ठरलेला प्रवाह वाहतो, हे भाकीत २००६ मध्ये आणि प्रयोग २००७ मध्ये वुर्झबर्गला झाला. त्यावर इतके लिहिले गेले आहे की इथे भर घालण्याची गरज नाही. मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकपदरी थरात संयुजापट्टाची फूट ०.१५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये ती ०.४५ च्या आसपास आहे, एवढी नोंद मात्र अणुक्रमांकाच्या मुद्द्यासाठी करून ठेवतो.

गेल्या काही वर्षांत या युग्मनाचा सर्वांत उद्बोधक धडा मिळाला तो शिशाच्या पेरोव्हस्काइटमधून, म्हणजे एका विशिष्ट स्फटिकरचनेच्या संयुगांतून. मेथिलअमोनियम लेड आयोडाइड हा पदार्थ सौरघटात प्रथम वापरला गेला तेव्हा, २००९ मध्ये, कार्यक्षमता चार टक्क्यांच्या आत होती. ती पुढे झपाट्याने वाढली आणि जगभरच्या संगणकांवर या पदार्थाची पट्टरचना काढली जाऊ लागली. इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या, सर्वांना परिचित असलेल्या घनता-फलनक पद्धतीने, स्पिन-कक्षीय युग्मन न घेता, बँडगॅप सुमारे १.६ ते १.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येत होता आणि प्रयोगातील किंमतही १.६ च्या आसपास होती. ज्या पद्धतीने सिलिकॉनचा बँडगॅप प्रत्यक्षाच्या निम्माच येतो, तिने इथे मात्र अचूक उत्तर द्यावे, हेच खरे तर शंकेला पुरेसे कारण होते. २०१३ मध्ये फ्रान्समधील एव्हन, कातान आणि सहकाऱ्यांनी युग्मन घेऊन हिशेब केला आणि बँडगॅप सुमारे एक इलेक्ट्रॉन-व्होल्टने कोसळला.

एवढी मोठी घसरण का होते, हे वरच्या एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांशाच्या हिशेबातूनच समजते. नेहमीच्या अर्धवाहकांत पी-स्वरूपाच्या अवस्था संयुजापट्टाच्या माथ्यावर असतात, त्यामुळे बँडगॅपला झळ लागते ती फुटीच्या एक-तृतीयांशाएवढी. इथे रचना उलटी आहे. संयुजापट्टाच्या माथ्यावर शिशाच्या एस-कक्षा आणि आयोडीनच्या पी-कक्षा यांचे एकच मिश्रण असते, आणि संवहनपट्टाचा तळ शिशाच्या पी-कक्षांचा असतो. युग्मनामुळे त्या तळातील दोन अवस्था दोन-तृतीयांशाने खाली येतात, आणि बँडगॅप तेवढ्याच मोठ्या वाट्याने घटतो. फूट सुमारे दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल तर घट एकाची. म्हणजे अणू जड आहे एवढेच कारण नाही. तो जड अणू पट्टरचनेत कोणत्या बाजूला बसला आहे, हेही तितकेच महत्त्वाचे.

घनता-फलनक पद्धती बँडगॅप कमी दाखवते, आणि युग्मन वगळल्याने तो जास्त दिसतो. या पदार्थात दोन्ही चुका साधारण एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या निघाल्या आणि एकमेकींवर पडून दिसेनाशा झाल्या. इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियांचा अधिक काटेकोर विचार करणारी पद्धत वापरून, आणि युग्मनही घेऊन, बँडगॅप पुन्हा १.६ ते १.७ पर्यंत येतो. कोणी म्हणेल की उत्तर तेच आले तर एवढी यातायात कशासाठी. परंतु बँडगॅप सोडून दुसरे काहीही विचारले की फरक उघडा पडतो: युग्मनाशिवाय संवहनपट्टाच्या तळाशी दोनऐवजी सहा अवस्था गर्दी करतात, इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान दिशेनुसार चुकीचे येते, आणि शोषणाच्या काठाचा आकारही बिघडतो. हे योगायोगाचे जमणे होते याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे शिशाच्या जागी कथिल घालून तोच हिशेब करणे. कथिलाचा अणुक्रमांक ५० असल्याने युग्मनामुळे होणारी घट सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच भरते. पद्धतीची मूळ चूक झाकायला ती अपुरी पडते, आणि युग्मन न घेता केलेल्या हिशेबात बँडगॅप ०.६ च्या आसपास येतो, तर प्रयोगात तो १.२ च्या थोडा वर आहे.